चालक ‘ख’ची झोप

माणूस पेंगुळला आहे हे त्याच्या तोंडाकडे न पाहता ओळखता येते, या विधानावर मी आयुष्याची बरीच वर्षे, सरकारचा एक निधी आणि दोन विद्यार्थ्यांची दृष्टी खर्च केली आहे. विधान खोटे नाही. घोटाळा झाला तो मी ते बीड जिल्ह्यात घेऊन गेल्यामुळे. आणि मी स्वतः त्याच जिल्ह्यातला असल्यामुळे तो मला अगोदर दिसायला हवा होता.

पद्धत सोपी आहे. जागा चालक स्टेअरिंग कधीच स्थिर धरत नाही. त्याचा हात सतत, त्याच्याही नकळत, केसभर डावीकडे, केसभर उजवीकडे हलत असतो. झोप येऊ लागली की ही चुळबुळ थांबते. स्टेअरिंग क्षणभर मुके होते, वेग किंचित उतरतो, आणि मग चालक दचकून एक मोठा झटका देतो. शांतता, उतार, झटका: ही झोपेची सही. ती खऱ्या रस्त्यावर गोळा करायची तर माणसे मरतात, म्हणून खोट्या रस्त्यावर गोळा करतात. जुन्या टेम्पोची पुढची केबिन कापून आणायची, काचेच्या जागी तीन पडदे लावायचे, स्टेअरिंग संगणकाला जोडायचे आणि चालकाला पडद्यावरचा रस्ता चालवायला लावायचा. या साधनाला जगात सिम्युलेटर म्हणतात. निधीच्या अर्जात मी त्यासाठी ‘सादृश्यक’ असा शब्द घडवला होता. तो माझ्याखेरीज कोणी वापरला नाही. संघातल्या लोकांनी पहिल्याच दिवशी त्याचे नाव ‘पाळणा’ ठेवले.

संघ म्हणजे सहकारी दूध संघ. नाव देत नाही. २०१६ चा उन्हाळा होता. लातूरला पाणी रेल्वेने येत होते. आमच्या वाड्यावस्त्यांपर्यंत रूळ नव्हते, म्हणून तिथे टँकरने. जनावरे छावणीत गेली, दूध आटले, आणि संघाचे दुधाचे स्टीलचे टँकर धुऊन पाण्याला लावले गेले. धुणे कितपत झाले होते कोण जाणे. पहिल्या आठवड्यात चहाला वेगळे दूध लागत नव्हते, असे वस्त्यांवरचे लोक सांगत.

त्यातला एक टँकर तेलगावकडच्या एका वळणावर रस्त्याकडेच्या चारीत गेला. चालकाला खरचटले आणि पाणी सगळे मातीत गेले. यांपैकी कशाची हळहळ जास्त झाली ते मी लिहीत नाही. तो चालक दुसऱ्या दिवसापासून आलाच नाही. संघाचे अध्यक्ष सुंदरराव, ज्यांना सगळे नाना म्हणत, यांना आता एवढेच हवे होते की उरलेल्या तिघांपैकी गाडीवर झोपतो कोण. मला पुण्याच्या संस्थेत बसून खरे चालक मिळत नव्हते. दोन्ही गरजा जुळल्या आणि सहकार घडला.

पाळणा मांडला संघाच्या शीतगृहात. दुधाविना ते बंदच होते. संगणक तापतात असे सांगून मी ते माफक चालू करून घेतले. बाहेर पत्र्यावर पापड भाजावा असे ऊन. म्हणजे तालुक्यातल्या बहुधा सर्वांत गार खोलीत, दुपारच्या जेवणानंतर, माणूस झोपतो की नाही हे मी तपासणार होतो. या योजनेत काही खोट असेल असे मला वाटले नाही. संचालक मंडळातले दोघेतिघे मात्र तपासणी सुरू होण्यापूर्वीच तिथे घोंगडी टाकून झोपू लागले होते. त्यांचा मी अभ्यासात समावेश केला नाही.

दुसरी गोष्ट रस्त्याची. सॉफ्टवेअर परदेशी होते आणि त्यातल्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना देवदार होते. आमचा चालक देवदार पाहून जागाच राहील, झाड कोणते म्हणून. तेव्हा मी परिसर बदलायचे ठरवले. टँकर भरायची विहीर मांजरसुंब्याच्या बाजूला होती. तिथपासून वस्त्यांपर्यंतचा रस्ता मी छायाचित्रे काढून जसाच्या तसा पडद्यावर उभा केला. बाभळी, ढाबे, रिकामी कपाशीची राने, फाट्यावर निळ्या झेंड्याखाली बाबासाहेबांचा अर्धपुतळा, आणि रस्त्याकडेचे झाडून सारे देव: मारुती, म्हसोबा, दोन ठिकाणच्या सटवाया, आणि नुसताच शेंदूर फासलेला एक दगड, ज्याचे नाव विचारूनही कोणाला सांगता आले नाही.

मी देव मानत नाही. आमचे घर छप्पन सालापासून बौद्ध. वडील धर्मापुरीला मास्तर होते आणि बावीस प्रतिज्ञा आमच्या पुढच्या भिंतीवर चौकटीत होत्या. मी पुढे भौतिकशास्त्र शिकून आणखी एक पायरी चढलो आणि कशालाच हात जोडायचे नाहीत असे ठरवले. असे असूनही ते सगळे देव मी स्वतः, एकेक करून, नेमक्या अंतरावर बसवले. प्राणप्रतिष्ठा तेवढी राहिली.

तिसरी गोष्ट माझ्या तत्त्वाची. चालकाकडे पाहायचे नाही. पाहिले की माणूस मत बनवतो आणि मत हे मापन नव्हे. म्हणून मी मध्ये प्लायवूडची आडभिंत घालून पलीकडे बसे आणि फक्त संगणकावर उमटणारी रेषा पाही. माणसाकडे ढुंकूनही न बघता माणूस ओळखणे हाच माझ्या पद्धतीचा गाभा होता, आणि त्याचा मला अभिमान होता.

पहिला बसला जालिंदर. तरुण, आमच्यातलाच, आईकडून माझ्या एका मावशीच्या गावचा. त्याची रेषा अशी की पाठ्यपुस्तकात छापावी. एका ठिकाणी जरासा खळगा, बाकी अखंड चुळबुळ. माझे समाधान झाले. ते पूर्णतः शास्त्रीय समाधान नव्हते, पण तशी नोंद मी केली नाही.

दुसरा सटवा. धनगर वस्तीवरचा, पन्नाशीचा, मेंढरांमागून उठून स्टेअरिंगवर आलेला. त्याची रेषा सुरू झाली आणि मी खुर्चीत पुढे सरकलो. शांतता, उतार, झटका. थोड्या वेळाने पुन्हा शांतता, उतार, झटका. तिसरा बंकट, त्याचेही तेच, आणि जवळजवळ त्याच ठिकाणी. दोन भिन्न माणसे एकाच लयीत झोपतात, असे यापूर्वी कोणी नोंदवलेले नव्हते. एखाद्या सावध माणसाला इथे शंका आली असती. मी त्याला ‘नियतकालिक सूक्ष्मनिद्रा’ असे नाव दिले आणि एका परिषदेसाठी निबंधाचा गोषवारा लिहायला घेतला.

चालकांची ओळख उघड करायची नाही असे मी संस्थेला लिहून दिले होते. त्यामुळे संघाच्या आवारात नानांनी सभासद जमवले तेव्हा मी ध्वनिक्षेपकावरून नावे न घेता निष्कर्ष वाचला. “चालक ‘क’ हा सतर्क आहे. चालक ‘ख’ आणि चालक ‘ग’ यांच्यात वाहन चालवताना झोप लागल्याची स्पष्ट लक्षणे आढळली.”

मागून कोणी तरी विचारले, “ख म्हंजी सटवा का?”

“त्योच. दोन नंबरला त्योच बसलता,” दुसऱ्याने उत्तर दिले.

गोपनीयता तेवढा वेळ टिकली. नानांनी तिथल्या तिथे सटवा आणि बंकट यांच्याकडून टँकरच्या किल्ल्या मागून घेतल्या. बंकटने किल्ली टेबलावर आपटली आणि तो संध्याकाळच्या आत मेहुण्याच्या ट्रकवर निघून गेला. सटवाने किल्ली ठेवली, टोपी काढली, पुन्हा घातली, आणि माझ्याकडे बराच वेळ पाहिले. मी त्याला प्रथमच पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो संघाच्या पाहुणखोलीच्या दारात उभा.

“साहेब, मी झोपलो न्हाई.”

“झोपलेल्याला आपण झोपलो होतो हे कळत नसते,” मी म्हणालो. “हे सिद्ध झालेले आहे.”

“मंग जागलेल्याला तरी कळत आसंल की.”

याचे उत्तर माझ्याकडे होते, पण ते लांब होते. मी त्याला बसायला सांगितले. तो बसला नाही.

“आजवर दूध वाहिलं. थेंब सांडला न्हाई,” तो म्हणाला. “आता वस्तीवर पोट्टे म्हणतेत, सटवा आजा आलाय, हळू बोला, झोपमोड हुईल. सून चहा घिऊन आली तं आधी खाकरती, जागा हाय का बघाया.”

“तुम्हाला कामावरून नानांनी काढले. मी नाही.”

“कागद तुमचा हाय.”

“कागद यंत्राचा आहे. यंत्र कोणाच्या बाजूने नसते. त्याला खोटे बोलायचे कारण नसते.”

“आसं म्हणता?” सटवाने थोडा विचार केला. “मंग तुमी बसा त्याच्यात. सगळ्यांच्या म्होरं. तुमी झोपत न्हाई ना?”

मी हो म्हटले. त्यामागे औदार्य नव्हते. जाग्या माणसाची रेषा कशी असते याचे प्रात्यक्षिक होईल, संचालकांना पद्धत कळेल आणि हा गृहस्थ गप्प बसेल, असा तिहेरी हिशेब होता. शिवाय सभेला दाखवण्यासाठी मी पाळण्याला एक लाल दिवा आणि भोंगा जोडून ठेवला होता. झोपेची सही उमटली की दिवा लागे आणि भोंगा वाजे. तो वाजवून दाखवायची संधी मला तोवर मिळाली नव्हती.

दुपारी शीतगृहात नाना, पाच-सहा संचालक, जालिंदर आणि सटवा जमले. घोंगडीवरच्यांनाही उठवण्यात आले. मी आडभिंत बाजूला केली, केबिनमध्ये चढलो, आणि पडद्यावरचा रस्ता सुरू करून बोलू लागलो. मी चांगले बोलतो. एका हाताने मागच्या पडद्यावरची रेषा दाखवत मी सांगितले की ही बारीक थरथर म्हणजेच सावधपणा. ती माणसाच्या इच्छेवर नसते, म्हणूनच तिच्यात लबाडी करता येत नाही. मारुती मागे पडला, म्हसोबा मागे पडला, रेषा अखंड. नाना मान डोलावत होते.

“याउलट,” मी म्हणालो, “झोपलेल्या माणसाचे वैशिष्ट्य असे की त्याला स्वतःच्या अवस्थेची अजिबात...”

लाल दिवा लागला. भोंगा वाजला. तो मी अपेक्षिला होता त्यापेक्षा बराच मोठा निघाला.

 मग नाना म्हणाले, “सर, झोपंत लई छान बोलता हो तुमी.”

संचालक हसले. घोंगडीवाल्यांपैकी उत्तरेश्वर नावाचा एक संचालक तर पोट धरून बसला. सटवा हसला नाही. तो केबिनपाशी आला.

“हात कावून उचलला?”

“कोणी?”

“तुमीच की. आत्ता.”

“मी हात उचलला नाही.”

“उचलला की सर,” जालिंदर म्हणाला. त्याला माझी कीव आली असावी. त्याने आवाज खाली आणला. “फाटा आला, निळा झेंडा दिसला, तुमी जय भीम घातला.”

मी तो आरोप फेटाळला. माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही, हे मी सर्वांसमोर स्पष्ट केले. नाना म्हणाले, इस्वास आसो नसो, पुन्हा चालवून दाखवा. मी रस्ता मागे नेला आणि या वेळी पूर्ण लक्ष ठेवून चालवू लागलो. फाटा आला. माझा उजवा हात स्टेअरिंगवरून सुटला, कपाळापर्यंत गेला, आणि मी त्याच्याकडे परक्याच्या हाताकडे पाहावे तसा पाहत असताना भोंगा वाजला.

लहानपणी मी वडिलांच्या सायकलच्या दांड्यावर बसून परळीला जात असे. वाटेत पुतळा आला की वडील एक हात हँडलवरून काढून कपाळाला लावत, मान किंचित लववत आणि सायकल जराशी लचकत असे. मग दांड्यावरचा मीही हात लावी. पुढे मी पुष्कळ वाचले, पुष्कळ नाकारले. हाताला त्यातले कोणी काही कळवले नव्हते.

पुढचे काम कोणीही केले असते असे होते. देव मीच बसवले होते, तेव्हा कोणता देव रस्त्यावर नेमका कुठे आहे ते माझ्याकडेच होते. मी सटवाची रेषा उघडली आणि त्याखाली देव मांडले. मारुतीपाशी खळगा. म्हसोबापाशी खळगा. पहिल्या सटवाईपाशी मोठा खळगा, कारण त्याचे नाव तिच्यावरूनच ठेवलेले. तिला त्याने दोन्ही हात जोडले असणार. शेंदराच्या दगडापाशीही खळगा, म्हणजे निदान सटवाला तरी त्याचे नाव माहीत होते. बंकटचे खळगे तिथेच. जालिंदरचा एकुलता खळगा फाट्यावर. हात सुटला की स्टेअरिंग मुके होते, नमस्कारासाठी पाय पेडलवरून थोडा उठतो, आणि हात परत आला की गाडी सरळ करायला झटका बसतो. शांतता, उतार, झटका. जगातली सगळी पुस्तके याला झोप म्हणतात, कारण ती जिथे लिहिली गेली तिथे रस्त्याकडेला देवदार असतात. मला मात्र हा बहाणा नव्हता.

‘नियतकालिक सूक्ष्मनिद्रे’चा गोषवारा मी त्याच दिवशी पुसला. तो चांगला जमला होता.

नानांना मी सांगितले की माझा निष्कर्ष चुकीचा आहे, तो मागे घेतो, सटवाला कामावर घ्या आणि बंकटला निरोप धाडा.

“आसं कसं?” नाना म्हणाले. “तुमी माईकवरून सांगितलं. मी माईकवरून काढलं. आता तुमचं मत फिरलं म्हणून घ्यायचं? उद्या पुन्हा फिरलं तं? फेरतपासणी करा. रीतसर.”

सहकारात हा शब्द आला की पुढे बोलायचे नसते. शिवाय सटवाही म्हणाला, “करा. मला भ्या न्हाई.”

फेरतपासणीसाठी मी एक सकाळ बसून रस्त्यावरचे देव पुसले. समतेखातर पुतळाही पुसला. उरल्या बाभळी, ढाबे आणि मोकळे रान.

सटवा बसला. मी या खेपेस आडभिंत न घालता त्याच्याकडे पाहत उभा होतो. थोडे अंतर जाताच तो अस्वस्थ झाला.

“साहेब, ह्यो रस्ता कुठला?”

“तोच आहे.”

“म्हसोबा कुठं गेला मंग? रुंदीकरणात काढला का काय?”

“मी काढला.”

त्याने माझ्याकडे असे पाहिले की मी रेषेकडे वळलो. रेषा अखंड होती. शेवटपर्यंत एकही खळगा नाही. सटवा पूर्ण जागा होता आणि बहुधा तेव्हाही होता. तो उतरला तेव्हा मी त्याला तसे सांगितले. “मला म्हाईत हाय,” तो म्हणाला. “त्यांला सांगा.”

तुलनेसाठी जालिंदरलाही बसवणे भाग होते. आदर्श चालक, ती केवळ औपचारिकता. तो बसला, रस्ता सुरू झाला, आणि बाभळींच्या लांब सरळ पट्ट्यावर त्याची रेषा हळूहळू सैल पडू लागली. ती थांबली नाही, विरघळली. गाडी आपोआप उजवीकडे सरकत गेली, रस्ता सोडून रिकाम्या कपाशीत शिरली, आणि एका ढाब्याच्या भिंतीला जाऊन टेकली. भोंगा वाजतच राहिला. जालिंदर छातीवर हनुवटी टेकून गाढ झोपला होता.

माझ्या कारकिर्दीतली ही पहिली खरी झोप होती. यंत्र बरोबर होते. क्षणभर मला फार आनंद झाला, आणि तोही मी इथे नोंदवून ठेवतो.

सटवाने जालिंदरचा खांदा हलवला. “ऊठ बे. ढाबा पाडलास.”

जालिंदर डोळे चोळत उठला आणि ओशाळला. मी त्याला विचारले, रात्री झोपला नव्हतास का?

“कवा झोपू सर? आधी माझ्या मी खेपा करायचो. आता सटवाभाऊच्या मीच करतो, बंकटच्या मीच करतो. टँकर खाली झाला की भराया पळायचं. जेवण बी स्टेरिंगवरच.”

“कधीपासून?”

त्याला सांगायचे नव्हते असे दिसले. मग तो म्हणाला, “तुमी ते क-ख-ग वाचलं, तवापासून.”

थकलेला चालक शोधायला मी पुण्याहून आलो होतो. इथे तसा कोणी नव्हता, म्हणून मी एक तयार केला आणि मग शोधून काढला. पद्धतीच्या दृष्टीने यश निर्विवाद होते.

मंडळाची बैठक लगेच घेण्यात आली, शीतगृहातच, कारण तिथून कोणी उठायला तयार नव्हते. मी दोन्ही वेळच्या रेषा दाखवल्या आणि काय घडले ते सांगितले. नानांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले.

“म्हंजी आता जालिंदरला काढायचं,” ते म्हणाले.

“मग टँकर कोण चालवणार?” मी विचारले.

“तुमाला येतो का?”

“मी यंत्रात नापास झालो आहे.”

“व्हय, ते आमी बघितलं.” नानांनी पानाचा विडा एका गालातून दुसऱ्या गालात नेला. “पण सर, मला एक सांगा. देव व्हते तवा जालिंदर जागा व्हता. देव पुसले, जालिंदर झोपला. व्हय का न्हाई?”

“हो, पण दरम्यान त्याच्या खेपा...”

“ते कळलं. पण देव पुसले, आन झोपला. रेषा तुमचीच हाय.”

एका प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हे मी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना फळ्यावर लिहून देतो. मी दोन बदलल्या होत्या. आता कोणत्या बदलामुळे झोप आली हे माझ्या विदेवरून, म्हणजे जमवलेल्या आकड्यांवरून, कोणालाही सांगता येणार नव्हते; मला नाही आणि नानांनाही नाही. फरक एवढाच की नानांना ते सांगता न येण्याची अडचण वाटत नव्हती.

“जालिंदर देवाला हातच करत नाही,” मी अखेरचा प्रयत्न केला. “देव असले काय, नसले काय.”

“त्यो नसंल बघत देवाकडं,” उत्तरेश्वर घोंगडीवरून म्हणाला. “देव तं त्याच्याकडं बघतोय.”

याला प्रतिवाद नाही. मी पुष्कळदा शोधला आहे.

मी हात टेकले आणि साध्या भाषेत सांगितले की देवांचे काय करायचे ते मंडळाने ठरवावे, पण एका माणसाकडून तिघांचे काम घेतले तर पुढचा टँकर खऱ्या चारीत जाईल आणि त्या वेळी भोंगा वाजणार नाही. खेपा तिघांत वाटा. एवढे सांगण्यासाठी पाळण्याची गरज नव्हती. जालिंदरच्या आईनेही ते सांगितले असते, आणि नंतर कळले की तिने नानांना ते दोनदा सांगितलेही होते. पण तिच्याकडे रेषा नव्हती. रेषा पाहून मंडळाने ठराव केला: सटवा आणि बंकट यांना सन्मानाने परत घ्यावे. जोडीला दुसरा ठरावही झाला की बाभळींच्या सरळ पट्ट्यावर, जिथे शास्त्रीय तपासणीत चालकास झोप लागल्याचे दिसून आले, तिथे एक लहान मंदिर बांधावे. जालिंदर म्हणाला, बांधा, पण मला त्याचा उपेग न्हाई. तेव्हा शेजारी पंचशील ध्वजासाठी एक ओटाही मंजूर झाला. माझ्या संशोधनाचा प्रत्यक्ष बांधकामात झालेला हा एकमेव उपयोग.

नानांनी किल्ली टेबलावर सरकवली. सटवाने ती उचलली नाही.

“आता काय राह्यलं?” नानांनी विचारले.

“ठराव तुमच्या कपाटात जाईल नाना. माझी वस्ती काय तुमचं कपाट वाचायला येती का?” तो माझ्याकडे वळला. “साहेब, तुमी सगळ्यांच्या म्होरं म्हणलं, सटवा झोपतो. तसंच सगळ्यांच्या म्होरं म्हणा, झोपत न्हाई. आमच्या वस्तीवर. मंग मी किल्ली घेतो.”

संस्थेच्या नियमांत निष्कर्ष मागे घेण्याची रीत आहे. तीत नियतकालिकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत चार ओळी येतात. मी ती त्याला सांगण्याच्या बेतात होतो. त्याऐवजी उठून त्याच्याबरोबर निघालो.

टँकर सटवाच चालवत होता; किल्ली त्याने त्या खेपेपुरती जालिंदरकडून उसनी घेतली होती.  वाटेत मी त्याचे हात पाहायचे टाळले. वस्तीवर पोचलो तेव्हा प्लास्टिकच्या टाकीभोवती हंड्यांची रांग लागलेली होती आणि रांगेमागे बाया, पोरे, म्हातारी माणसे होती. सटवाने उतरून पाईप जोडला, टाकीत सोडला, कॉक उघडला आणि मला खूण केली. सगळे माझ्याकडे पाहू लागले.

“उपलब्ध विदेच्या पुनर्विश्लेषणावरून असे दिसून आले आहे,” मी सुरुवात केली, “की चालक ‘ख’ यांच्याविषयी...”

“सटवा म्हणा,” सटवा म्हणाला.

“सटवा यांच्याविषयी नोंदवलेला निष्कर्ष हा पद्धतीतील एका दोषामुळे...”

रांगेत पुढे रतनबाई नावाची एक म्हातारी हंडा कमरेवर घेऊन उभी होती. तिने सटवाला विचारले, “काय म्हणतंय हे?”

“साहेब, सरळ,” सटवा म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, पण तो माझ्या तोंडाकडे पाहत होता, आणि त्याच्या मागे त्याची सून पदर दातात धरून उभी होती.

“सटवा झोपला नव्हता,” मी म्हणालो. “एकदाही नाही.”

 एका पोराने दुसऱ्याला कोपर मारले. सुनेने पदर सोडला. सटवाने टोपी सारखी केली आणि टँकरकडे तोंड करून उगीचच कॉक तपासू लागला.

“मंग झोपलं कोण व्हतं?” रतनबाईने विचारले.

“मी,” मी म्हणालो.

तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिले आणि वरून पुन्हा खाली येऊन तिची नजर माझ्या पायांशी थांबली.

“आता जागं झालाव का?”

“हो.”

“मंग जरा सरका तिकडं. मघाधरनं पाईपावर उभं हाव तुमी. पाणी कसं येईल?”

मी खाली पाहिले. खरोखरच उभा होतो.